तो मेसेज पाठवू नका

प्रिय ताई,

माझं वय 43. लग्न झालंय, मुलगी कॉलेजात आहे. शाळा-कॉलेजचे मित्र कधी सुटत गेले ते कळलंच नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात एक जण नव्याने आला आणि आमचं जमलं. निदान मला तसं वाटलं. तो बोलका, माणसांत रमणारा. त्याने मला घरी बोलावलं, त्याच्या जुन्या मित्रांच्या घोळक्यात नेलं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला आपल्यात घेतलं होतं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सगळ्यांना हसवायला म्हणून मी त्याच्या घरातली एक खासगी गोष्ट सांगून बसलो. त्याचा चेहरा उतरला. पुढे एकदा तो म्हणाला, "राग नाही, पण मला अंतर हवंय. आपण आता थांबू या." तेव्हापासून मी त्याला मेसेज करतोय. माफी मागितली, विनोद पाठवले, वाढदिवसाला भेट पाठवली. बहुतेक वेळा उत्तर येत नाही, क्वचित अंगठा येतो. तो संध्याकाळी जिथे फिरायला जातो तिथे मीही दोन-तीनदा गेलो, सहज आल्यासारखा.

गेल्या आठवड्यात बायकोबरोबर 'फ्रेंडशिप' हा इंग्रजी सिनेमा पाहिला. ती आधी खूप हसली. मग हसायची थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. ताई, मी तसा आहे का? मी एक मोठा मेसेज लिहून ठेवलाय, शेवटचा. पाठवू का? नक्की काय बिनसलं ते त्याने एकदा सांगावं, एवढंच हवंय. आणि पुढच्या महिन्यात एका सहकाऱ्याचा निरोप समारंभ आहे, तोही येणार. मी जावं की नाही?

एक वाचक

*

प्रिय वाचक,

आधी त्या मेसेजचं सांगते, कारण हे वाचतानाही तो तुमच्या फोनमध्ये तयार असेल. पाठवू नका. आज नको, समारंभानंतर नको, त्याच्या पुढच्या वाढदिवसाला तर मुळीच नको. तुम्ही तो किती मनापासून लिहिला असेल याची मला कल्पना आहे आणि म्हणूनच इतकं ठामपणे सांगतेय. तुमची माफी मागून झाली आहे आणि ती त्याच्यापर्यंत पोचली आहे. तीच माफी पुन्हा पुन्हा मागितली की ती मागणी होऊन बसते: मला बरं वाटेल असं काहीतरी बोल. शिवाय तुम्हाला त्यातून कारण हवंय, म्हणजे उत्तर हवंय. उत्तराची वाट पाहायला लावणारा मेसेज शेवटचा नसतो, त्याच्यामागून पुढचे चार येतात.

आता तुमचा मोठा प्रश्न. सिनेमा न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडी कथा सांगावी लागेल, आणि त्यात बरंच काही उघडही होईल. अँड्र्यू डीयंगने लिहून दिग्दर्शित केलेला हा सिनेमा 2024 मध्ये टोरांटोच्या महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला, 2025 मध्ये थिएटरांत आला. टिम रॉबिन्सनने रंगवलेला क्रेग हा अमेरिकेतल्या एका उपनगरात राहणारा, नोकरी-घर-बायको-मुलगा असं सगळं असलेला आणि मित्र नसलेला माणूस. शेजाऱ्याचं पार्सल चुकून त्याच्या दारात येतं, ते पोचवायला तो जातो आणि त्याला ऑस्टिन भेटतो. ऑस्टिन म्हणजे पॉल रड. स्थानिक टीव्हीवर हवामान सांगणारा, बँडमध्ये गाणारा, शहराखालच्या बोगद्यांतून हिंडणारा. तो क्रेगलाही त्या बोगद्यांतून फिरवून आणतो. मोजक्याच भेटी होतात, पण क्रेगला वाटतं आपलं आयुष्य आता कुठे सुरू झालं. मग ऑस्टिनच्या मित्रांसोबतची ती संध्याकाळ येते. क्रेग काचेच्या दारावर जाऊन आदळतो, गमतीत चाललेल्या बॉक्सिंगमध्ये ऑस्टिनला खराखुरा ठोसा लगावतो आणि पश्चात्ताप दाखवायला स्वतःच्या तोंडात साबण कोंबतो. सगळे अवघडून बघत राहतात. नंतर ऑस्टिन त्याला सांगतो की ही मैत्री आपल्याला पुढे न्यायची नाही.

तुम्हाला रात्रभर जागं ठेवलं ते या संध्याकाळीने, असा माझा अंदाज आहे. तुम्हीही घोळक्यात नको ते बोललात, तिथेही चेहरे उतरले. पण माझ्या मते क्रेगची भीती वाटायला लागते ती या प्रसंगापासून नाही. इथपर्यंत तो मला जवळचा वाटतो. नव्या माणसांत गेल्यावर छाप पाडायची घाई होते, एखादं वाक्य जास्तीचं निघून जातं, हे कुणाचंही होतं. खासगी गोष्ट चारचौघांत सांगणं ही चूक लहान नव्हे, पण तिने माणूस वाईट ठरत नाही. क्रेग भयंकर होतो तो नकार ऐकल्यानंतर. तो ऑस्टिनच्या घरात त्याच्या माघारी शिरतो. आपल्याला झालेला आनंद तसाच्या तसा पुन्हा घडवायचा म्हणून बायकोला त्याच बोगद्यात घेऊन जातो, आणि ती तिथे हरवते. त्याला ऑस्टिन काय म्हणाला ते ऐकू आलेलं असतं, पण ते आपल्याला लागू होतं हे तो मानतच नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: त्या घोळक्यात तुम्ही जे केलंत त्यावरून तुम्ही क्रेग नाही. पण तो फिरायला जातो तिथे "सहज आल्यासारखे" गेलात, तिथून ती वाट सुरू होते. हे वाचायला कठीण जाईल, तरी लिहिते, कारण पत्रातली तुम्ही सर्वांत घाईने लिहिलेली ओळ तीच आहे.

जरा त्याच्या बाजूने पाहा. त्याने एकदा धीर करून, तुम्हाला फार लागणार नाही अशा बेताने, आपलं म्हणणं सांगितलं. त्यानंतर दर मेसेजगणिक त्याला तोच निर्णय नव्याने घ्यावा लागतो. उत्तर द्यावं तर पुन्हा सुरू होईल, न द्यावं तर आपण दुष्ट ठरू. संध्याकाळी फिरायला निघताना तो आधी आजूबाजूला पाहत असेल. कदाचित त्याने वेळ बदलली असेल, वाट बदलली असेल. रोज ऑफिसात तुम्ही समोर असताच, त्यामुळे तिथेही त्याची सुटका नाही. तुम्ही प्रेमाने करताय हे खरं मानलं तरी त्याच्यापर्यंत प्रेम पोचत नाहीये, पाळत पोचतेय. आणि असा प्रकार वाढत गेला तर तो वरिष्ठांकडे जातो, तक्रारीपर्यंत जातो. ते त्याला करावं लागू नये, हे तुमच्या हातात आहे.

तुम्ही म्हणाल, पण तो "राग नाही" असंही म्हणाला होता, मधूनच अंगठाही पाठवतो. इथे मला 1982 चा 'द किंग ऑफ कॉमेडी' आठवतो. मार्टिन स्कोर्सेसीचा. रुपर्ट पपकिन नावाचा विनोदवीर होऊ पाहणारा माणूस जेरी लँगफर्ड या टीव्हीवरच्या बड्या असामीला गाडीत गाठतो. सुटका करून घ्यायला जेरी म्हणतो, माझ्या ऑफिसात फोन कर. रुपर्टला त्यात वचन ऐकू येतं. तो ऑफिसात जाऊन बसून राहतो, मग न बोलावता सामानसुमान घेऊन जेरीच्या घरी धडकतो, आणि शेवटी त्याला पळवून नेतो. जेरीची एक चूक म्हणायची तर सुरुवातीचा तो मोघमपणा. तुमच्या मित्राने तर तेवढीही केलेली नाही. तो थांबू या म्हणाला. ते सौम्यपणे सांगितलं म्हणून ते कमी खरं होत नाही.

आणि तो अंगठा. मला वाटतं तुमच्या दुखण्याचं मूळ त्या अंगठ्यात बरंच आहे, म्हणून इथे थोडं थांबते. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. बटणावर चोच मारली की दाणा मिळतो. दर वेळी मिळत असेल तर दाणा बंद झाल्यावर कबुतर लवकर नाद सोडतं. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, केव्हा मिळेल याचा नेम नाही, असं असलं तर तो पूर्ण बंद केल्यावरही ते कितीतरी वेळ चोच मारत राहतं. 1957 मध्ये स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी हे सगळं सविस्तर प्रसिद्ध केलं. जुगाराची यंत्रं याच तत्त्वावर माणसाला बसवून ठेवतात. सिनेमात क्रेगची नोकरीही अशीच आहे, लोकांना डिजिटल गोष्टींची सवय कशी लावायची हे तो पाहतो, आणि स्वतः ऑस्टिनच्या एका हसण्यासाठी झुरत बसतो. दिग्दर्शकाने ही नोकरी त्याला उगीच दिली असेल असं मला वाटत नाही.

दहा मेसेजना उत्तर नाही आणि अकराव्याला अंगठा, यातून तुमचं मन शिकतं ते एवढंच की अकरा मेसेज करावे लागतात. मित्राने तो सभ्यपणाने पाठवलेला असतो. त्याच्या लेखी त्याचा अर्थ "पाहिलं" इतकाच. तेव्हा दाण्याची वाट बंद करायची तर ती तुम्हीच करायला हवी. त्याच्याशी झालेलं संभाषण फोनवर वरच दिसत असेल तर ते नजरेआड करा. तो शेवटचा ऑनलाइन कधी होता हे पाहणं बंद. त्याने कुठे काय टाकलं हे पाहणं बंद. फिरायला दुसरीकडे जा. आणि एक आधीच सांगून ठेवते: मिळणारी गोष्ट बंद झाली की काही काळ ओढ आधीपेक्षा वाढते, चोच मारण्याचा जोर चढतो, हेही त्याच प्रकारच्या प्रयोगांतून दिसलेलं आहे. पहिले काही आठवडे तुम्हाला वाटेल की हे जमत नाहीये, एकदाच विचारून घ्यावं. त्या ओढीला खूण समजू नका. ती उतरते.

"नक्की काय बिनसलं ते सांगावं," असं तुम्ही लिहिलंय. कारण कळलं की शांत वाटेल, ही समजूत फार जणांची असते. मार्टिन मॅकडोनाच्या 'द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन' या 2022 च्या सिनेमात हीच परीक्षा आहे. 1923 साल, आयर्लंडजवळचं एक बेट. कोल्म एके दिवशी पॉड्रिकशी बोलणं तोडतो. पॉड्रिक कारण मागतो आणि त्याला कारण मिळतं: उरलेली वर्षं मला संगीताला द्यायची आहेत, तुझ्या रिकाम्या गप्पांना नाही. पॉड्रिकचं समाधान होत नाही. तो परत परत जातो. शेवटी कोल्म सांगतो की पुन्हा बोलायला आलास तर दर वेळी मी माझं एक बोट कापीन, आणि कापतो. मला त्या सिनेमातला पॉड्रिक फार प्रिय आहे, आणि तरीही प्रत्येक वेळी तो कोल्मच्या दिशेने चालायला लागला की ओरडून सांगावंसं वाटतं, जाऊ नकोस. कारण कळलं तर तुम्ही त्यावर युक्तिवाद कराल. ते चुकीचं कसं आहे हे दाखवाल, किंवा मी बदलेन असं वचन द्याल. तुमच्यापुरतं कारण तुम्हाला माहीत आहे, त्या घोळक्यातली ती गोष्ट. आणखीही काही असेल, नसेलही. त्याने ते सांगायलाच हवं असं काही देणं तो तुम्हाला लागत नाही.

एवढं सगळं नको-नको सांगितल्यावर मला तुमच्या गरजेबद्दल बोलायचंय, कारण ती खरी आहे आणि तिची लाज वाटून घ्यायचं काहीच कारण नाही. चाळिशीनंतर नवा मित्र मिळावा, कुणीतरी आपल्याला आपल्यात घ्यावं, ही भूक पुष्कळ पुरुष मनातच ठेवतात. 'सर्व्हे सेंटर ऑन अमेरिकन लाइफ'ने 2021 मध्ये अमेरिकेत पाहणी केली. आपल्याला एकही जवळचा मित्र नाही असं 15 टक्के पुरुषांनी सांगितलं. 1990 मध्ये हे प्रमाण 3 टक्के होतं. क्रेग ज्या देशात घडतो त्या देशाचे हे आकडे आहेत, म्हणून तो सिनेमा तिथल्या प्रेक्षकांना इतका झोंबला असावा. पण त्याला हसताना पोटात खड्डा पडतो तो कुठल्याही देशातल्या माणसाच्या.

अडचण अशी झाली की वर्षानुवर्षांची ती भूक तुम्ही एका माणसावर सोपवलीत. एका खुंटीवर घरभरचे कपडे टांगले तर ती निखळणारच, त्यात खुंटीचा दोष नसतो. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला साधारण 50 तासांचा सहवास लागतो, पक्का मित्र व्हायला 90 च्या आसपास आणि जिवलग व्हायला 200 हून जास्त, असं आढळलं. आकडे सगळ्यांना तंतोतंत लागू होतील असं नाही, आणि नुसतं एकाच ऑफिसात बसण्याचे तास फारसे कामी येत नाहीत असंही त्यांना दिसलं. तुमच्या पत्रात मला दिसतंय ते असं की त्याच्या लेखी तुम्ही अजून पहिल्या टप्प्यावर होतात आणि तुमच्या मनाने तिसरा गाठला होता. यात त्याने फसवलं नाही, तुम्हीही खोटे नव्हता. घड्याळं वेगळी चालत होती.

तेव्हा तास जिथे आपोआप जमतात तिथे जा. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी तीच माणसं भेटतात आणि हाताला काहीतरी काम असतं अशी जागा शोधा. गाण्याचा वर्ग, खेळ, वाचकांचा गट, कुठलं स्वयंसेवी काम, तुम्हाला खरोखर आवडेल ते. तिथे पहिल्या दिवशी कुणाला जिवलग करायला जाऊ नका. बेन स्टिलरच्या 1996 च्या 'द केबल गाय'मध्ये जिम कॅरीचा तो एकाकी केबलवाला एका माणसाचा पिच्छा पुरवून त्याचं आयुष्य उद्ध्वस्त करतो, आणि शेवटी त्याला हेलिकॉप्टरमधून नेणारा वैद्यकीय मदतनीस त्याला सहज मित्रा म्हणतो तर त्याचे डोळे चमकतात. पुन्हा तेच सुरू. तुम्ही पुढच्या माणसावर तेवढंच ओझं टाकलंत तर मला फार वाईट वाटेल. तीन-चार ठिकाणी थोडं थोडं राहा. जुन्या मित्रांपैकी एखाद्याला, ज्याच्याशी भांडण न होता नुसतं अंतर पडलं, फोन करा. तिथे तास आधीच साठलेले आहेत.

आणि तुमची बायको. पत्रात ती एका ओळीत येते आणि काही न बोलता जाते. 'फ्रेंडशिप'ची सुरुवात आठवा. कर्करोगातून बऱ्या झालेल्यांचा गट बसलेला असतो. क्रेगची बायको टॅमी तिथे आपली भीती बोलून दाखवते, आणि शेजारी बसलेला क्रेग ती ऐकून घेण्याऐवजी सगळं ठीक होणार म्हणून उडवून लावतो. ऑस्टिन दारात येण्याच्या कितीतरी आधी क्रेगच्या घरात बोलणं आटलेलं असतं. तुमच्या घरी काय आहे मी सांगू शकत नाही. पण तुमची बायको हसायची थांबली, म्हणजे तिला काहीतरी आधीपासून दिसतंय. आज तिला विचारा. ती जे सांगेल त्यावर खुलासा देऊ नका, नुसतं ऐका. मेसेज, भेटवस्तू, फिरायला जाणं, सगळं तिला सांगा. लपवलेलं असतं तोवर ते वाढतं.

झोप आठवडाभराहून जास्त अशीच उडाली, कामात लक्ष लागेना, जगण्याचाच कंटाळा यायला लागला, किंवा ठरवूनही मेसेज थांबवता येईना, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. एका माणसाच्या नकाराने एवढं कोसळायला होतं तेव्हा त्याखाली बहुधा जुनं काहीतरी असतं, आणि ते समजून घ्यायला माहीतगार माणूस लागतो. जीव नकोसा वाटला तर मात्र वाट पाहू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा.

राहिला निरोप समारंभ. जा. तो सहकारी तुमचाही आहे आणि निरोप त्याचा आहे. बायकोला आणता येत असेल तर आणा. तुमचा मित्र बसला असेल त्याच्यापासून लांब बसा, आणि फोटो काढताना, जेवणाच्या रांगेत, निघताना दारात, त्याच्या वाटेत येणार नाही इतकं भान ठेवा. नजरानजर झाली तर मान हलवा आणि ज्याच्याशी बोलत होतात त्याच्याशी बोलत राहा. तो स्वतःहून आला तर दोन मिनिटं कामाचं, समारंभाचं बोला. जुनं काढू नका, माफीचा विषय नको, "पुन्हा भेटू" नको. तो आला नाही तर तेही ठीक. ज्याला निरोप द्यायला आलात त्याच्याजवळ मात्र नीट बसा, त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे असतील तर आधी विचार करून जा. आणि घरी आल्यावर त्या रात्री फोन बायकोकडे देऊन झोपा.

तुमची,
ताई